रेमंडचं पाणी

"सांगतो, पन कोनाला खरं वाटनार न्हाय," रेमंडनं आधीच बजावून ठेवलं. "अख्ख्या उत्तनच्या दर्यानं जे कंदी बगलं न्हाय, ते मी या दोन डोल्यांनी बगलंय. ज्याला पटनार नसंल त्यानं आताच चहा पिऊन वाटंला लागावं."

कोणी वाटेला लागलं नाही. रेमंडची गोष्ट अर्धी टाकून उठणारा माणूस उत्तनच्या कोळीवाड्यात अजून जन्मायचा होता. आणि बजावण्याचं म्हणाल, तर ते तो प्रत्येक गोष्टीआधी बजावायचा. वरसाव्याच्या पुलाखाली त्यानं एकदा जिताडा पकडला होता. तो इतका लांब होता म्हणे, की शेपूट ठाण्याकडच्या काठाला आणि डोकं वसईकडच्या. पंचनामा कोणी करायचा यावरून दोन्हीकडचे पोलीस भांडत बसले आणि तेवढ्यात मासा निघून गेला. ही गोष्ट ऐकून हसलं नाही असं एकही घर गावात नव्हतं, आणि तिच्यावर विश्वास ठेवलेलं एकही नव्हतं. रेमंडची त्याला हरकत नसे.

पण आजची गोष्ट जिताड्याची नव्हती. आज ट्रॉयला जाऊन सात वर्षं झाली होती. ट्रॉय म्हणजे रेमंडचा धाकटा भाऊ. दुपारी चर्चमध्ये त्याच्या नावाची मिस्सा झाली आणि दरवर्षीप्रमाणे दहाबारा माणसं त्याच्या घराच्या ओट्यावर येऊन टेकली. ट्रॉयची बायको ऑड्रे किटलीतून चहा ओतत होती. ऊन अजून उतरायचं होतं. समोर बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास ओट्यापर्यंत येत होता.

प्रत्यक्षात काय घडलं होतं ते गावाला तोंडपाठ होतं. डोल जाळं समुद्राच्या तळाशी ठोकलेल्या खुंटांना बांधून ठेवतात. भरतीचं पाणी त्यातून वाहतं आणि मासळी आत शिरते. मग भरती संपून ओहोटी लागायच्या मध्ये पाणी थोडा वेळ उभं राहतं, ना इकडं ना तिकडं. तेवढ्यात जाळं ओढून घ्यायचं. पाणी पुन्हा चालायला लागलं, की ते जाळं दहा रेड्यांनाही ऐकत नाही.

त्या सकाळी होडीवर तिघंच होते. होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, रेमंड. त्याचा भाऊ ट्रॉय. आणि रत्नागिरीहून आलेला खलाशी दिपेश. जाळं अर्धं वर आलं आणि त्याचा दोर होडीच्या पंख्यात गुंतला. इंजिन बंद पडलं. ट्रॉय कमरेला दोरी बांधून गुंता सोडवायला खाली उतरला. त्या दोरीचं दुसरं टोक दिपेशच्या हातात होतं. तेवढ्यात पाणी चालायला लागलं. जाळं ओढ घेऊ लागलं, आणि जाळ्याचा जाड दोर होडीच्या मागच्या खांबाला बांधलेला असल्यानं होडीचं मागचं अंग खाली बसू लागलं. रेमंडनं कोयता घेतला आणि खांबाजवळ तो दोर कापला. होडी वाचली, वरचे दोघं वाचले. जाळं खुंटांवरून तुटून गेलं, आणि जाळ्यात अडकलेला ट्रॉय जाळ्याबरोबर गेला. त्याच्या कमरेची दोरी दिपेशच्या तळव्यांची सालं काढत निसटली. ट्रॉय कधीच सापडला नाही.

एवढं खरं. बाकीचं रेमंडनं घातलेलं.

पहिल्या वर्षी, याच ओट्यावर, तो खाली मान घालून एवढंच म्हणाला होता, "घाईत न्हाय कापला. पानी जरा उभं रायलं, तवा मी इचार केला." जरा म्हणजे किती, हे कोणी विचारलं नाही. दुःखातल्या माणसाला असले प्रश्न विचारत नाहीत. दुसऱ्या वर्षी ते 'जरा' अर्ध्या तासाचं झालं. तिसऱ्या वर्षी इंजिनाचा धूर हवेत खांबासारखा उभा राहिला. चौथ्या वर्षी पाणपक्षी जिथल्या तिथे टांगले गेले, एक तर चोचीत मासा धरलेला, आणि मासासुद्धा तडफडायचा थांबलेला. सहाव्या वर्षापर्यंत रेमंडनं डबा उघडून भाकर खाल्ली होती, हात पुसले होते, आणि मग मांडी घालून विचाराला बसला होता.

गंमत अशी, की गाव त्यातून शिकलं. नवे तांडेल, लग्न मोडायला निघालेली जोडपी, दुबईची नोकरी घेऊ की नको म्हणून रात्र रात्र जागणारी पोरं रेमंडकडे येऊ लागली. तो त्यांना सांगे, "हात मोकले सोड. बस खाली. पानी उभं राऊ दे. मंग ठरव." फादरांनी एका रविवारी प्रवचनातही ते घेतलं. मासळीबाजारात दोन बायांचं जुंपलं, की तिसरी म्हणायची, "ए बाय, जरा रेमंडचं पानी होऊ दे, मंग शिव्या दे." आणि शिव्या खरोखर थोड्या उशिरानं यायच्या, थोड्या कमी यायच्या. सल्ल्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त ज्याच्या नावानं तो चालत होता, त्यानं तो गरज होती तेव्हा पाळला नव्हता.

कारण त्या सकाळी रेमंड थांबलाच नव्हता. एक श्वासभरही नाही.

आणि तेव्हापासून तो प्रत्येक गोष्टीला थांबत होता. भाईंदरला जाणाऱ्या बसच्या पायरीवर एक पाय ठेवून तो उभा राही, चढू की नको. कंडक्टर आधी मराठीत, मग हिंदीत, शेवटी गुजरातीत ओरडे, आणि मागची रांग तर सगळ्याच भाषांत. किराण्याच्या दुकानात मीठ जाडं घेऊ की बारीक, याच्यावर त्याचा अर्धा तास जाई. दुकानदार इतर गिऱ्हाइकांना म्हणे, "चाचा का अभी चल रहा है, आप आगे आओ." होडी त्यानं त्या दिवसानंतर पाण्यात घातली नाही आणि विकलीही नाही. विकावी की ठेवावी, याचा विचार चालू होता. विचार चालू असतानाच तिच्या फळ्या कुजल्या, बुडातून गवत वर आलं, आणि मग विकायसारखं काही राहिलं नाही. गावाला वाटे, तांडेल मोठा शांत झालाय. रेमंडला ठाऊक होतं, की त्याच्या आत काहीच शांत नाही. आत एकच क्षण पुन्हा पुन्हा येतो, आणि प्रत्येक वेळी तो थांबायला जातो, आणि प्रत्येक वेळी कोयता आधीच खाली आलेला असतो.

ओट्याच्या कडेला दिपेश बसला होता. त्यानं समुद्र कधीच सोडला होता. आता भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचा. दरवर्षी सुट्टी टाकून मिस्सेला यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, मग इथे येऊन चहा घ्यायचा आणि रेमंडची गोष्ट संपेपर्यंत कपात बघत राहायचा. रेमंडला या जगात भीती होती ती या एका माणसाच्या तोंडाची. सात वर्षांत ते तोंड या ओट्यावर चहापलीकडे उघडलं नव्हतं.

पण आज दिपेशहून जास्त जड झाली होती जॉय. ट्रॉयची मुलगी. बाप गेला तेव्हा सतरा वर्षांची, आता चोवीसची. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करायची. आतापर्यंत काकाची गोष्ट सुरू झाली, की ती आत स्वयंपाकघरात निघून जायची. आज नाही गेली. उलट खुर्ची ओढून रेमंडच्या समोर बसली.

"काका, उद्या आईला घेऊन भाईंदरला वकिलाकडे चाललेय," तिनं बसता बसता सांगितलं होतं. "सात वर्षं झाली ना. आता पप्पा गेले असं कायद्यानं लिहून घेता येतं. त्या कागदावर काय काय झालं ते लिहायचंय. मी कधी नीट ऐकलंच नाही. आज सगळं सांगा."

हसणाऱ्यांनी हसावं, गावानं म्हणी कराव्यात, रेमंडला फिकीर नव्हती. त्याला हवं होतं ते एवढंच, की या मुलीनं इथून उठताना मानावं, आपल्या बापाला घाईगडबडीत कापून टाकलं नाही. त्याच्यासाठी कोणीतरी थांबलं होतं. हे एक तिला पटलं, तर मग बाकी काहीही झालं तरी चालणार होतं.

म्हणून तो जोरात सुरू झाला.

"तर पानी उभं रायलं. असं उभं, की मी होडीतून पाय खाली ठेवला, तर पाय भिजला न्हाय."

"मंग चालत घरी का न्हाय आलास?" शेजारच्या सदूनं विचारलं. सदू रेमंडच्या वयाचा, जाळी विणणारा. गोष्टीत ठरलेल्या जागी ठरलेली टोचणी मारायची, हा त्याचा मान होता.

"चप्पल न्हवती."

ओटा हसला. दिपेश कपात बघत होता.

"किती वाजले व्हते पन?" सदू.

"घड्याल थांबलेलं, वाजनार काय? सूर्यसुद्धा थांबलेला. एक ढग व्हता, तो म्हनं मी जाऊ का राऊ? मी म्हटलं, बस तू पन. तिकरं वसईच्या बाजूला एक बोट व्हती, तिच्यावरचा मानूस शिंकायला गेला, तो तसाच. तोंड उघडं. दोन तासांनी शिंकला."

"आनि तू काय करत व्हतास?"

"इचार." रेमंडनं आवाज खाली आणला. इथे तो दरवर्षी आवाज खाली आणायचा. "सगल्या दर्यानं मना सांगितलं, तांडेला, तू बस. कोयता खाली ठेव. आमी हाव इथं. मी कोयता ठेवला. बसलो. एक बाजूचा इचार केला, दोर न्हाय कापला तर काय. दुसऱ्या बाजूचा केला, कापला तर काय. मंग पुन्हा पयल्या बाजूचा. कोनावर राग न्हाय, कसली भीती न्हाय. असा इचार, की चर्चमधल्या फादरला पन जमनार न्हाय. आनि मंगच..."

"काका, एक मिनिट," जॉय म्हणाली.

ती हसत नव्हती. रागावलीही नव्हती. लॅबमध्ये कोणाचा रिपोर्ट वाचावा, तशी बघत होती.

"पाणी किती वेळ उभं होतं?"

"दोन तास, बाय."

"हललंच नाही?"

"थेंब न्हाय."

"मग जाळ्याला ओढ नसणार."

"न्हवती."

"म्हणजे होडी बुडत नव्हती."

ओट्यावर कोणीतरी कप खाली ठेवला.

"दोन तास पाणी उभं होतं," जॉय म्हणाली, "तर पप्पा वर का नाही आले?"

सात वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सात वर्षं रेमंड पाण्याला थांबवत गेला, लांबवत गेला, पक्ष्यांना टांगत गेला, आणि एकदाही त्याच्या लक्षात आलं नाही, की जेवढा वेळ तो स्वतःला देतोय तेवढाच वेळ खालच्या माणसालाही मिळतोय.

खरी गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर आली. तिला यायला कधीच वेळ लागत नसे. होडीचं मागचं अंग एकदम खाली गेलं होतं. कठड्यावरून पाणी आत आलं होतं, घोट्याएवढं, गार. बस, घोट्याएवढंच. नंतर त्यानं ते स्वतः एका बादलीनं उपसलं, बारा बादल्या. पण तेव्हा पायाला गार लागलं आणि त्याला दिसलं ते एवढंच, की आपण मरतोय. दिपेश काहीतरी ओरडत होता. काय ओरडत होता, ते आपण ऐकलं नाही, असं रेमंडनं पोलिसांना सांगितलं, फादरांना सांगितलं, आणि उशीत तोंड घालून स्वतःला सांगितलं. कोयता कधी उचलला ते त्याला आठवत नव्हतं, फक्त दोर तुटल्याचा आवाज आठवत होता. होडी उडी मारल्यासारखी वर आली होती. मग वेड्यासारखं इंजिन चालू करायला गेला, जाळ्यामागे जायला, आणि इंजिन पहिल्याच फटक्याला लागलं. पंखा मोकळा झाला होता. ट्रॉयनं खाली काम पुरं केलं होतं.

हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं, की इंजिन पहिल्याच फटक्याला लागलं.

आता सगळे त्याच्याकडे बघत होते. कोणी घाई करत नव्हतं. सूर्य त्याच्या वाटेनं जात होता, होडी बुडत नव्हती, पायाला गार लागत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा रेमंडला थांबायला हवा तेवढा वेळ मिळाला होता. तो म्हणू शकला असता, बाय, मना म्हाईत न्हाय. म्हणू शकला असता, मी घाबरलो. निदान गप्प बसून राहू शकला असता. ज्या ओळी त्यानं अर्ध्या गावाला शिकवल्या त्या त्याला आठवल्याही. हात मोकळे सोड. बस खाली.

आणि रेमंडनं पुन्हा तेच केलं. जे पहिलं हाताला लागलं ते उचललं.

"आला की," तो म्हणाला. "आला ना वर."

दिपेशनं कपातून मान वर केली.

"कोण?" जॉयनं विचारलं. "पप्पा?"

"तर! हे मी कंदी बोललो न्हाय, तू न्हानी व्हतीस म्हनून. पानी उभं व्हतं ना, तर तो वर आला. होडीच्या कडेवर दोनी कोपरं ठेवली, असा, आपन या ओट्याच्या कडेवर ठेवतो तसा. मी म्हटलं, ट्रॉय, मी लय इचार केला, मना काय सुचत न्हाय. तूच सांग."

"मग?"

"मंग बोलला, दादूस, माजा पाय जाल्यात हाय, तो निघनार न्हाय. मी बगून आलोय. तुमी दोगं हाव, मी एक हाय." रेमंडचा आवाज आता त्याच्या हातात राहिला नव्हता, आणि त्यालाच ते बरं वाटत होतं. गोष्ट आपोआप पुढे जात होती. "तुजं नाव काढलं, बाय. बोलला, जॉयला शिकीव. तिला दर्यावर न्हाय पाठवायची, मीरा रोडला एसीमधी काम करंल ती. मी रडायला लागलो. तर तो मनाच समजवतोय. मानूस स्वता जातोय आनि मना समजवतोय! मी म्हटलं, अजून थोडा बस, पानी उभं हाय तवर बस. तो बोलला, न्हाय दादूस, दर्याला किती येल थांबवशील, बाकीच्यांच्या पन होड्या हायेत..."

सदू तोंडावर पंचा धरून बसला होता. टोचणी मारायची त्याची जागा येऊन निघून गेली होती. जॉयचे ओठ हलत होते, ती ते वाक्य मनात म्हणून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा तो रिपोर्ट वाचणारा कोरडेपणा विरघळत चालला होता. सतरा वर्षांची मुलगी तिच्या डोळ्यांतून रेमंडकडे बघत होती. तिला पटत होतं. जे सात वर्षं त्याला हवं होतं ते त्याच्यासमोर, हातभर अंतरावर, घडत होतं. आणि छातीत मोकळं वाटायच्या ऐवजी तिथे काहीतरी खाली खाली बसत चाललं होतं.

"ते असं लिहू?" जॉयनं विचारलं. "कागदावर? पप्पांनी स्वतः सांगितलं म्हणून?"

"लिव," रेमंड म्हणाला. "लिव बाय. तो हसला पन जाताना. बोलला, दादूस, आता काप..."

"खोटं हाय ते."

आवाज ऑड्रेचा होता. ती दारात उभी होती, किटली हातात तशीच. ती ओरडली नव्हती. रेमंडनं दिपेशकडे बघितलं, कारण सात वर्षं तो त्याच्याकडेच बघत आला होता. पण दिपेशनं पुन्हा कपात मान घातली होती.

"लिवू नको, जॉय," ऑड्रे म्हणाली आणि रेमंडकडे वळली. "दिपेशनं मना पयल्याच आठवड्यात सांगितलंय. तवापासून इचार करतेय, बोलू का नको, बोलू का नको. पानी उभं रायलं म्हनालास, आयकलं. पक्षी टांगलेस, भाकर खाल्लीस, सगलं आयकून घेतलं, म्हटलं तुला तरी झोप लागू दे. पन त्याच्या तोंडात तुजे शबुद नको घालू, दादूस. तो वर न्हाय आला. त्यानं खालून दोरीला एक हिसका दिला. एक हिसका म्हंजी थांबा, सुटतंय. दिपेश तुज्या कानात वरडला, तांडेल थांबा, तो जिता हाय. तू दिपेशकडं बगलंस. बगून कापलंस."